जोडकार्डाचा कोरा भाग



या व्याख्यानमालेचे निमंत्रण आले तेव्हा मी कळवले होते की मी डॉक्टर नाही. कॅन्सर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात मी एकतीस वर्षे काम केले, तेवढीच माझी पात्रता. कॅन्सरवर व्याख्यान ठेवायचे तर एखाद्या सर्जनना बोलवा, असेही सुचवले होते. त्यावर कार्यवाहांचा फोन आला. ते म्हणाले, "ताई, गुरुजींचे कार्ड तुमच्याकडे आहे ना? ते घेऊन या, आणि त्याच्याबद्दल बोला." ते कार्ड मी आणले आहे.

समोर बसलेल्या मुलांपैकी कोणी जोडकार्ड पाहिले असेल असे वाटत नाही. दोन पोस्टकार्डे एकमेकांना जोडलेली, मधे घडी. एकावर आपण मजकूर लिहायचा. दुसरे कोरे ठेवायचे, फक्त त्यावर आपला स्वतःचा पत्ता घालायचा. ज्याला पत्र मिळेल त्याने कोरा भाग फाडून घ्यायचा, उत्तर लिहायचे आणि पेटीत टाकायचे. त्याला तिकिटाचा खर्च नाही, पत्ता शोधायची यातायात नाही. साधे कार्ड पंधरा पैशांना होते तेव्हा जोडकार्ड तीस पैशांना मिळायचे.

मी १९८३ साली मुंबईतल्या एका कॅन्सर रुग्णालयात लागले तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या टेबलावर या जोडकार्डांचे गठ्ठे होते. कॅन्सरचा उपचार संपला म्हणजे रुग्ण सुटला असे होत नाही. पहिली दोन वर्षे दर दोन-तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा त्याला पाहावे लागते. आजार उलटला तर तो लवकर हाती लागला पाहिजे. आमच्याकडे माणसे धुळ्याहून, नांदेडहून, रत्नागिरीहून, बिहार-बंगालमधूनही येत. फुटपाथवर राहून 'लाइट' म्हणजे किरणोपचार घेत, सलाइनमधून औषध घेत आणि एकदा गावी गेली की त्यातली कितीतरी परत येत नसत. तारीख चुकली की आम्ही जोडकार्ड टाकायचो. 'आपली तपासणीची तारीख होऊन गेली आहे. प्रकृती कशी आहे? केव्हा येऊ शकाल?' एवढाच मजकूर. कार्डावर कॅन्सर हा शब्द लिहायचा नाही, असा आमच्या विभागप्रमुख बाईंचा दंडक होता. पोस्टकार्ड उघडे असते. ते पोस्टमन वाचतो, चावडीवर कोणी वाचतो, आणि घरातल्या मुलीचे ठरलेले लग्न मोडते.

उत्तरे यायची. शाळकरी पोराच्या अक्षरात: 'आई बरी आहे. काढणी झाल्यावर आणतो.' कुणाचे: 'पैशाची सोय होत नाही. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म धाडावा.' काही कार्डांवर फक्त तारीख आणि 'वारले' एवढेच असायचे. तेही उत्तरच होते. आम्ही ते वहीत लिहायचो.

१९८७ च्या फेब्रुवारीत या गावातून एक कार्ड आले. गुरुजी तेव्हा इथल्या शाळेत शिक्षक होते, आणि शाळेच्याच एका खोलीत शाखा टपाल कार्यालय चालवत. खेड्यापाड्यांत तेव्हा अशीच रीत होती. ज्याला लिहिता-वाचता येते त्याच्याकडे टपाल. आमचे जोडकार्ड गावातल्या एका बाईंसाठी होते. त्यांना पिशवीच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा, कॅन्सर होता, लाइट देऊन झाले होते, दोन तारखा चुकल्या होत्या. कोऱ्या भागावर गुरुजींनी लिहिले ते वाचून दाखवते:

'आपले कार्ड पोचले. बाई बऱ्या आहेत असे घरचे सांगतात व तसेच कळवा म्हणतात. परंतु मी स्वतः जाऊन पाहिले. बाईंना बसवत नाही. अंगावरून पुन्हा जाऊ लागले आहे. सुगी चालू असल्याने घरच्यांचा पाय निघत नाही. मी समजूत घालीत आहे. सोमवारी रात्रीच्या गाडीने पाठवितो. सोबत भाऊ येईल. मुक्कामाची सोय व्हावी.'

मंगळवारी सकाळी त्या बाई भावाबरोबर आमच्या दारात उभ्या होत्या.

मी गुरुजींना कधी भेटले नाही. पण एकतीस वर्षांत कॅन्सर आणि निरोप यांच्या नात्याविषयी मला जे कळले ते बहुतेक या कार्डात आहे. गुरुजींचे सरकारी काम कार्ड पोचवण्याचे आणि सांगतील ते लिहून घेण्याचे होते. 'बाई बऱ्या आहेत' असे लिहून ते मोकळे झाले असते तर टपाल खात्याच्या दृष्टीने काम चोख झाले असते. ते उठून त्या घरी गेले. आज माझ्या हातात जे यंत्र आहे त्याने मी क्षणात हजार माणसांना निरोप धाडू शकते. मी त्या यंत्राला दोनच प्रश्न विचारते. ज्याला निरोप गेला त्याच्यासाठी यात कोरा भाग सोडला आहे का? आणि त्याचे उत्तर आले तर उठून जाणारे कोणी आहे का?

आपण बार्शीपासून तासाभराच्या अंतरावर बसलो आहोत, म्हणून आपल्याच भागातली एक गोष्ट आधी सांगते. १९८७ सालीच बार्शीच्या कॅन्सर रुग्णालयात भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम हे तीन तालुके. शहरातली नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवरून करता येते. इथे ते शक्य नव्हते, कारण आजारी माणूस रुग्णालयात पोचतच नव्हता. बाई घरातच झिजायची आणि 'अंगावरून जाऊन वारली' एवढेच मागे उरायचे. मग नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरू लागले. पारावर बसायचे, सरपंचाला, शिक्षकाला, सुईणीला भेटायचे, कॅन्सरची लक्षणे कोणती ते सांगायचे, कुणाला तसा त्रास आहे का विचारायचे. त्यांचे काम मोजण्याचे होते. पण काही वर्षांनी आकडे मांडले तेव्हा दिसले की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आता आधीच्या टप्प्यात, म्हणजे बऱ्या होण्यासारख्या अवस्थेत, येऊ लागल्या होत्या. नवे यंत्र आले नव्हते. माणसे दारात येऊन विचारत होती आणि बाई काय सांगते ते ऐकून घेत होती, एवढाच फरक पडला होता.

पुढे १९९९ मध्ये त्याच पायावर उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, मोठा अभ्यास सुरू झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया. गावांचे चार गट केले. एका गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्यात पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पॅप तपासणी, तिसऱ्यात व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी, आणि चौथ्या गटात नेहमीची सोय. २००९ साली निष्कर्ष जगापुढे आले. आठ वर्षांत नेहमीच्या सोयीच्या गटात या कॅन्सरने ६४ स्त्रिया गेल्या. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४. आयुष्यात एकदा केलेल्या एका तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पुढे जगभर या तपासणीची बाजू मांडताना ज्या पुराव्याचा आधार घेतला गेला तो तुमच्या आज्या-मावश्यांनी दिलेला आहे. हे इथल्या शाळेत शिकवले जावे असे मला मनापासून वाटते.

या अभ्यासाची एक बाजू शोधनिबंधात दोन ओळींत उरकते. ज्या स्त्रियांना बोलावले त्यांतल्या पाचांपैकी चार जणी आल्या. दुखत-खुपत काही नसताना, लाज गिळून, बाजाराचा किंवा खुरपणीचा दिवस मोडून आल्या. कारण बोलावणारी बाई त्यांच्या उंबऱ्यावर आली होती. तिने काय करणार, किती वेळ लागेल, दुखेल का, हे सगळे सांगितले होते. नवऱ्याशीही बोलली होती.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलने १९९८ पासून असेच काम केले. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक बायकांना काही आठवडे शिकवून त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी तपासणी करवली. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. डॉक्टर नाही, प्रयोगशाळा नाही. वाटीभर सौम्य आम्ल, एक दिवा, आणि जिच्याशी बोलता येते अशी वस्तीतली बाई.

आता फोनकडे वळते.

नव्वदच्या दशकात आमच्या केसपेपरवर पत्त्याखाली फोन नंबर येऊ लागले, आणि त्यांच्यापुढे कंसात 'पी.पी.' अशी अक्षरे. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, नाहीतर किराणा दुकानदाराचा. निरोप त्याच दिवशी पोचू लागला हे खरे, पण घरच्यांच्या आधी दुकानदाराला कळू लागले. मग पिवळ्या एस.टी.डी. बूथवरून माणसे रात्री, दर कमी झाल्यावर, रुग्णालयात फोन करू लागली. मीटरकडे डोळे लावून घाईघाईने बोलत. पुढे मोबाइल आला आणि आम्हाला वाटले, आता एकही रुग्ण हातून निसटणार नाही. झाले उलटेच. गावाचा पत्ता पिढ्यान् पिढ्या बदलत नाही, मोबाइलचा नंबर मात्र स्वस्त सिमकार्ड मिळाले की बदलतो. ऊसतोडीला गेलेले कुटुंब सहा महिन्यांनी परत येते तेव्हा जुना नंबर बंद झालेला असतो. जोडकार्ड निदान त्यांच्या दाराखाली पडून राहायचे.

या पार्श्वभूमीवर माझ्या डोळ्यांपुढून न हलणारे दोन आकडे आहेत. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरतात असा मोबाइल होता. त्याच पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी एकदा झालेल्या जेमतेम दोन टक्के निघाल्या. स्तनांची आणि तोंडाची तपासणी झालेल्या एक टक्काही नाहीत. हातात फोन असलेल्या बाईपर्यंत आपण गाणी पोचवली, स्वयंपाकाचे व्हिडिओ पोचवले, कर्जाच्या जाहिराती पोचवल्या. तपासणीचे बोलावणे पोचवले नाही.

आणि जे पोचले त्याबद्दल बोलायला हवे.

मोबाइलवर संदेश फिरू लागल्यापासून एक मजकूर मी निदान शंभर वेळा पाहिला असेल. 'इमिटिनेफ मर्सिलेट' नावाच्या औषधाने रक्ताचा कॅन्सर पूर्ण बरा होतो, ते चेन्नईच्या अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये फुकट मिळते, हा संदेश पुढे पाठवा आणि कुणाचा तरी जीव वाचवा. त्या संस्थेला हे खोटे असल्याचे जाहीर करावे लागले. तरी तो संदेश थांबला नाही. त्यात अर्धा तुकडा खरा आहे, हेच त्याचे बळ. इमॅटिनिब मेसिलेट हे खरे औषध आहे, आणि रक्ताच्या कॅन्सरच्या एका ठरावीक प्रकारात त्याने लाखो माणसांचे आयुष्य बदलले आहे. पण रक्ताचे कॅन्सर अनेक आहेत. एक बाप माझ्यासमोर हा मजकूर घेऊन बसला होता. त्याच्या लेकीचा आजार वेगळा होता, तिची केमो निम्म्यावर आली होती, आणि त्याने चेन्नईची तिकिटे काढली होती. मी त्याला तासभर समजावले. तो ऐकत होता, पण त्याची नजर फोनवरच होती. शेवटी म्हणाला, "ताई, हे माझ्या भावाने पाठवलंय. तो माझं वाईट कशाला करील?"

मी तेव्हापासून अशा संदेशांना 'अफवा' म्हणणे सोडले. अफवा परका माणूस पसरवतो. हे संदेश मेहुणा पाठवतो, शाळेतली मैत्रीण पाठवते, ज्यांचा आपल्यावर जीव आहे अशी माणसे पाठवतात. लक्ष्मणफळाचे तसेच झाले. केमोपेक्षा हजारो पटींनी प्रभावी, असा मजकूर फिरला आणि पुण्या-मुंबईच्या बाजारात ते फळ न परवडणाऱ्या भावाने विकले गेले. प्रयोगशाळेतल्या बशीत पेशींवर काहीतरी परिणाम दिसणे आणि माणसाचा कॅन्सर बरा होणे यांत केवढे अंतर आहे, ते त्या मजकुरात कुठेही नव्हते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये लिंबू, हळद, कडुनिंब आणि साखर-दूध बंद यांनी पत्नीचा शेवटच्या टप्प्यातला कॅन्सर बरा झाल्याचे सांगणारा एका माजी क्रिकेटपटूचा व्हिडिओ घराघरात पोचला. त्यांच्या पत्नीची शस्त्रक्रिया आणि केमोही झाली होती, पण लोकांच्या लक्षात लिंबू-हळद राहिली. टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांना सही करून निवेदन काढावे लागले की याला पुरावा नाही, उपचार थांबवू नका.

ते निवेदन योग्यच होते. तरी मला त्या रात्री वाटत राहिले की २६२ सह्यांचे पत्र आणि भावाने पाठवलेला व्हिडिओ एकाच फोनमध्ये शेजारी शेजारी पडले आहेत, आणि रात्री दोनला झोप न लागलेला माणूस त्यांतला कोणता उघडेल? व्हिडिओ त्याला आज, आत्ता, स्वयंपाकघरात करता येईल असे काहीतरी देतो. आपण त्याला पुढच्या महिन्यातली तारीख देतो. दुपारी अडीचला ओ.पी.डी.त त्याने विचारले असते, 'डॉक्टर, हळद घेतली तर चालेल का?' आणि कोणी न चिडता उत्तर दिले असते, तर रात्री दोनला त्याने फोन चाळला नसता असे मी म्हणत नाही, पण सकाळी निदान त्या डॉक्टरांना फोन करून विचारले असते. खोट्या निरोपाला कोरा भाग नसतो. तो फक्त 'पुढे पाठवा' म्हणतो. आपल्या खऱ्या निरोपालाही तो नसेल, तर माणसाने त्या दोघांतला फरक कशावरून ओळखायचा?

आणि खोटा निरोप पसरायला फोनच लागतो असेही नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात शासनाने ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी केली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. त्यांत पंचविशी-तिशीच्या कितीतरी. अशा अनेक बायकांनी सांगितले की पांढरे जाते, पोटात दुखते म्हणून दवाखान्यात गेलो, आणि ऐकायला मिळाले, 'पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल.' या एका वाक्याने ऑपरेशनसाठी मुकादमाकडून उचल घ्यायला लावली. बार्शीच्या कार्यकर्त्यांनी याच भागात कॅन्सर हा शब्द उच्चारला तो बायकांना तपासणीला आणण्यासाठी. तोच शब्द त्यांना कापायलाही वापरला गेला.

आता तुम्हाला फोनवर आलेल्या रिपोर्टची गोष्ट सांगते. ती सांगावी की नाही याचा मी बराच विचार केला.

पूर्वी तुकडा तपासायला दिला की आठ-दहा दिवसांनी रिपोर्ट रुग्णालयात यायचा. डॉक्टर नातेवाइकाला बोलवायचे, नातेवाईक म्हणायचा, 'त्यांना सांगू नका.' मग डॉक्टर, नातेवाईक आणि आम्ही मिळून रुग्णापासून लपवायचो. ते बरोबर नव्हते. रुग्णाला बहुधा सगळे कळलेले असायचे आणि तो आपल्या माणसांसाठी न कळल्याचे सोंग करायचा. आता खासगी प्रयोगशाळेकडून रिपोर्ट थेट मोबाइलवर येतो. काही वर्षांपूर्वी माझ्या ओळखीतल्या एका बाई एस.टी.ने माहेरी निघाल्या होत्या. स्तनात गाठ, तुकडा तपासायला दिलेला. वाटेत फोन वाजला, संदेश आला. त्यांना इंग्रजी येत नव्हते. शेजारच्या सीटवरच्या कॉलेजच्या मुलीला त्यांनी सहज म्हटले, "बघ गं बाळ, काय आलंय." त्या मुलीने तो रिपोर्ट उघडला, वाचला आणि रडायला लागली.

पुढे त्या बाईंनी मला सांगितले की त्यांना पहिल्यांदा काळजी वाटली ती त्या मुलीची. बस थांबवून तिला पाणी पाजले. कॅन्सर कोणत्या प्रकारचा, किती पसरला, आता काय करायचे, यातले काही त्यांना त्या रिपोर्टवरून कळण्यासारखे नव्हते. विचारायला तिथे कोणी नव्हते. पुढचे चार दिवस डॉक्टर सुट्टीवर होते.

स्वतःचा रिपोर्ट पाहणे हा रुग्णाचा हक्क आहे, आणि लपवाछपवीचे ते जुने दिवस परत यावेत असे मला अजिबात वाटत नाही. पण रिपोर्ट पाठवायचे बटण दाबणाऱ्याने त्याच दिवशी एक फोन करावा: कुठे आहात, सोबत कोण आहे, उद्या याल का? याला यंत्र लागत नाही, माणूस लागतो, आणि त्याचा पगार लागतो. टाटा मेमोरियलने रुग्णाला वाट दाखवणाऱ्या मदतनिसांचे वर्षभराचे शिक्षण सुरू केले आणि त्याला 'केवट' नाव दिले. रामाला गंगापार नेणारा नावाडी. नाव फार योग्य आहे. जिल्ह्याजिल्ह्यात अशा केवटांची गरज आहे.

फोनने जे चांगले केले तेही मनापासून सांगते. २५ मार्च २०२०, टाळेबंदीचा पहिला दिवस. त्याच दिवशी देशात दूरवैद्यकाची नियमावली निघाली आणि फोनवरून, व्हिडिओवरून सल्ला देण्याला नियमांची चौकट मिळाली. त्या महिन्यांत कितीतरी रुग्णांनी गावातच रक्त तपासून अहवाल पाठवले आणि त्यावर औषध बदलून घेतले. पाच मिनिटांच्या तपासणीसाठी दोन रात्रींचा प्रवास, मुंबईतला मुक्काम, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, हे सगळे वाचू शकते हे तेव्हा सिद्ध झाले. २०१२ पासून देशभरातली कॅन्सर रुग्णालये राष्ट्रीय कॅन्सर ग्रिडमध्ये जोडली गेली आहेत. लहान केंद्रातला डॉक्टर अवघड रुग्णाची कागदपत्रे ऑनलाइन बैठकीत ठेवतो आणि अनेक तज्ज्ञ एकत्र विचार करतात. यात फायद्याचे हे की रुग्ण आपल्या गावाजवळ राहतो आणि प्रवास ज्ञान करते.

पण दूरवैद्यकाच्या त्याच नियमावलीत एक दार बंद आहे. अमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधे दूरसल्ल्यावर लिहून देता येत नाहीत. मॉर्फीन त्यातच येते. शेवटच्या टप्प्यातला, खाटेवरून उठू न शकणारा रुग्ण व्हिडिओवर डॉक्टरला दिसतो, त्याचे कण्हणे ऐकू येते, आणि त्याच्या वेदनेवरचे सर्वांत खात्रीचे औषध त्या पडद्यातून त्याला मिळू शकत नाही. घरच्या कोणाला तरी परवाना असलेल्या संस्थेपर्यंत जावे लागते, आणि अशा संस्था जिल्ह्यात किती आहेत ते तुम्हीच शोधून पाहा. गैरवापराची भीती खोटी नाही, म्हणून कायदा कडक आहे. तरी मी इथल्या लोकप्रतिनिधींना हात जोडून सांगते, निदान प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात मॉर्फीनची गोळी आणि ती लिहून देऊ शकणारा प्रशिक्षित डॉक्टर असू द्या. वेदनेने ओरडणाऱ्या माणसाला पुढची तारीख देता येत नाही.

तंबाखूबद्दल थोडक्यात. सिनेमागृहात चोवीस वर्षांच्या तरुणाची ती जाहिरात तुम्ही पाहिली आहे. भुसावळकडचा मुलगा, गुटख्याने तोंडाचा कॅन्सर झालेला. चित्रीकरणानंतर तो गेला. काही वर्षांत त्याच्या वाक्यांवर विनोद झाले, फोनवरून ते फिरले, मुले ती नक्कल करून हसू लागली. मरणाऱ्या मुलाचा शब्द आपण एकाच दिशेने इतक्यांदा वाजवला की तो शब्द राहिला नाही. त्यापेक्षा तंबाखूच्या पुडीवर छापलेला १८००-११-२३५६ हा मोफत नंबर मला मोलाचा वाटतो. तिथे कोणीतरी फोन उचलतो, किती वर्षे खाता, दिवसातून किती वेळा, आधी सोडायचा प्रयत्न केला होता का, हे विचारतो आणि पुन्हा फोन करतो. मिश्री लावणाऱ्या माझ्या बहिणींनो, मिश्री हीसुद्धा तंबाखूच आहे. तो नंबर तुमच्यासाठीही आहे.

आपल्या आशाताई घरोघर येऊन तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात. तोंडात न भरणारी जखम, स्तनात गाठ, पाळी गेल्यावर रक्तस्राव, तंबाखू. हे आता फोनच्या ॲपमध्ये भरायचे असते. मी काही आशाताईंबरोबर फिरले आहे. रेंज नसते, ॲप अडकते, आणि बाई बोलायला सुरुवात करते तेव्हा ताईंची मान फोनमध्ये असते. त्यात त्यांचा दोष नाही. त्यांचे काम किती फॉर्म भरले यावर मोजले जाते. 'हो' असे उत्तर आलेल्या किती बायका पुढे रुग्णालयात पोचल्या, किती जणींची तपासणी पुरी झाली, यावर ते मोजले जाऊ लागले, तर तोच फोन बार्शीच्या कार्यकर्त्यांच्या वहीसारखा कामाला येईल.

गेल्या वर्षी माझ्या जुन्या विभागातल्या एका मुलीने मला एक आवाज ऐकवला. व्हॉट्सॲपवर आलेला, चाळीस सेकंदांचा. पाठवणाऱ्या आजींना लिहिता-वाचता येत नाही. नातवाने त्यांना माइकचे चित्र दाबून धरायला शिकवले होते. मागे शेळ्या ओरडत होत्या, भांडी वाजत होती. आजी सांगत होत्या की बरे आहे, गोळ्या चालू आहेत, काही काळजी करू नका. ती मुलगी म्हणाली, "ताई, पुन्हा ऐका. दर चार शब्दांनी श्वास तुटतोय." तिने लगेच फोन लावला. छातीत पाणी झाले होते. वेळेवर काढता आले.

लिहिता न येणाऱ्या बाईला स्वतःच्या आवाजात उत्तर पाठवता येणे ही मला या सगळ्या यंत्रातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. १९८७ मध्ये तिला गुरुजी लागले. आजींना नातू पुरला. पण पलीकडे तो आवाज दोनदा ऐकणारी मुलगी होती.

व्याख्यान इथे थांबवते, कारण आजची खरी वेळ पुढच्या कामाला हवी आहे. मागच्या बाजूला सातवीच्या वर्गात ग्रामीण रुग्णालयाच्या सिस्टर आणि आपल्या दोन आशाताई बसल्या आहेत. तीस वर्षांपुढच्या ज्या बहिणींची तपासणी झालेली नाही त्यांनी नाव, वाडी आणि फोन नंबर लिहून द्यावा. फोन स्वतःचा नसेल तर तेही सांगा, म्हणजे त्यावर काय बोलायचे आणि काय बोलायचे नाही ते आम्हाला कळेल. नंबर नसेल तरी चालेल. घर कुठे आहे तेवढे सांगा. दाराला खूण असेल तर ती सांगा.